लिफ्ट धरून ठेवणारा माणूस आणि अकरा अर्धवट कादंबऱ्या

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. नाव आणि ओळखीच्या खुणा काढून थोडक्यात देतेय. वय ३८, ऑफिसात हिशेबाचं काम, लग्न केलेलं नाही, एकटी राहते. प्रेमकथा वाचायचं वेड शाळेपासूनचं, तेव्हा अभ्यासाच्या पुस्तकाचं कव्हर घालून वाचायची. गेल्या सहा वर्षांत तिने अकरा कादंबऱ्या सुरू केल्या, एकही विसाव्या पानापुढे गेली नाही. खऱ्या लेखकांना आतून काहीतरी येतं, आपल्याला तसं येत नाही, म्हणून ती वाट बघत बसते. मध्यंतरी धाकट्या बहिणीच्या हाती वही लागली, तिने दोन पानं मोठ्याने वाचली आणि हसत म्हणाली, "तुला गं काय कळतंय प्रेमातलं?" बहीण वाईट नाही, पण वाक्य लागलं, कारण "ते खरंच आहे, माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलेलंच नाही." ह्याच्या पुढे कंसात दोन ओळी आहेत: तिसऱ्या मजल्यावरचा एक जण तीन वर्षं रोज सकाळी माझ्यासाठी लिफ्ट धरून ठेवायचा, मग त्याची बदली झाली, मी अजून नऊ चाळीसला त्या लिफ्टकडे बघते, पण ते काही प्रेम नव्हे. आता तिला वाटतंय एक तर नोकरी सोडून पूर्णवेळ लिहावं, नाहीतर हा नाद कायमचा बंद करावा. लिहायचंच तर प्रेमकथा सोडून काही गंभीर लिहावं का, म्हणजे लोक हसणार नाहीत, हेही विचारलंय. आणि शेवटी मलाच प्रश्न: तुम्ही प्रेमकथा लिहिता, तुम्हाला हे सुचलं कुठून?

मैत्रिणी,

तुला अगं-तुगं करतेय, चालवून घे. मी तुझ्यापेक्षा बरीच मोठी आहे आणि प्रेमाबद्दल अहो-जाहो करत बोलणं मला कधी जमलेलं नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा सरळ, दुसऱ्यांदा तुझ्या बहिणीवर चिडून, आणि तिसऱ्यांदा फक्त तो कंस. अगं चार पानं तू मला पटवून देतेयस की माझ्याकडे काहीच नाही, आणि मधेच दोन ओळींत एक माणूस येतो, त्याची एक सवय येते, वेळ येते, जागा येते, तो निघून जातो आणि तू अजून तिकडे बघत असतेस. नऊ चाळीस! पावणेदहा नाही, साडेनऊ नाही. ज्या बाईला सांगण्यासारखं काही घडलेलं नाही तिला ही वेळ मिनिटासकट कशी काय पाठ आहे? आणि वर "ते काही प्रेम नव्हे" असं तूच ठरवून टाकलंस. असेल नसेल, मला माहीत नाही, तुलाही नाही. पण कादंबरीला जे लागतं ते त्या कंसात आहे आणि तुझ्या अकरा सुरुवातींमध्ये नाही. (तू एक सुरुवात सोबत पाठवली होतीस, त्याबद्दल पुढे बोलते. तो विमानतळावरचा धक्का आणि सांडलेली कागदपत्रं मी आजवर किमान चाळीस हस्तलिखितांमध्ये वाचलीयत.)

आता तुझं पहिलं गृहीतक, की प्रेमकथा लिहायला प्रेम मिळालेलं असावं लागतं. हे कोणी सांगितलं तुला? इंग्रज लेखिका जेन ऑस्टिनने लग्न केलं नाही. १८०२च्या डिसेंबरमध्ये तिला एका ओळखीच्या, पैसेवाल्या घरच्या मुलाने मागणी घातली, तिने संध्याकाळी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाही म्हणून निघून गेली. बस, एवढंच. तरी दोनशे वर्षं झाली, दोन माणसं एकमेकांना कशी चुकीची वाचतात आणि मग कशी नीट वाचायला लागतात हे बघायला लोक तिच्याकडेच जातात. दुसरी इंग्रज लेखिका एमिली ब्राँटी तीस वर्षांची होऊन वारली, तिचं कोणाशी काही होतं असा एक धड पुरावा नाही, आणि तिच्या एकुलत्या एका कादंबरीतलं प्रेम इतकं भयंकर आहे की वाचून झोप उडते.

पण मला तुला खरी गोष्ट सांगायचीय ती तिच्या थोरल्या बहिणीची, शार्लटची. ती ब्रुसेल्सला शिकायला गेली आणि पुढे तिथेच शिकवायला लागली. तिथल्या एका शिक्षकावर, कॉन्स्तांताँ एजे नाव त्यांचं, जीव जडला. त्यांचं लग्न झालेलं, मुलंबाळं असलेली. घरी परत आल्यावर ती त्यांना पत्रं लिहायची आणि उत्तराची वाट बघत बसायची, तुझ्यासारखीच, फक्त लिफ्टच्या जागी टपाल. १८४४-४५ मधली त्यातली चार पत्रं आज शिल्लक आहेत, ब्रिटिश लायब्ररीत. चारपैकी तीन फाडलेली होती, आणि ती परत जोडलेली आहेत, काही दोऱ्याने शिवून, काही कागदाच्या पट्ट्या चिकटवून. फाडली त्या शिक्षकांनी आणि जोडली त्यांच्या बायकोने असं सांगतात. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. फाडणारा, लिहिणारी आणि सुई-दोरा घेऊन बसलेली ती तिसरी. ह्या तिघांपैकी नक्की कोणाची कादंबरी लिहावी सांग.

आणि आता ह्यातला तुझ्या कामाचा भाग. ह्या सगळ्यानंतर शार्लटने जी पहिली कादंबरी लिहिली ती जवळजवळ सरळ तोच अनुभव होता, ब्रुसेल्स, शाळा, शिक्षक, विद्यार्थिनी. ती एकामागून एक प्रकाशकांनी परत पाठवली, आणि छापली गेली ती १८५७ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. मधल्या काळात, १८४७ मध्ये, तिने 'जेन एअर' ही जी कादंबरी दिली आणि जी आजही वाचली जाते, तीत ब्रुसेल्स नाही, शाळामास्तर नाही. आहे ती फक्त ओढ, एका साध्या दिसणाऱ्या, पैसा नसलेल्या, पण स्वतःची किंमत सोडायला तयार नसलेल्या मुलीची. म्हणजे अनुभव जवळजवळ तसाच उतरवला तेव्हा कादंबरी अडखळली, आणि अनुभवाचे कपडे काढून आतली धग तेवढी दुसऱ्या माणसांना दिली तेव्हा ती उभी राहिली.

हे मी एवढं लांबण लावून सांगतेय कारण तुझ्या उलट्या टोकाचीही पत्रं मला येतात. मागे एका निवृत्त गृहस्थांनी चारशे पानं पाठवली होती, त्यांची स्वतःची प्रेमकहाणी, सगळी खरी, तारखांसकट. आणि वाचवत नव्हती हो. का, तर त्यांना वाटत होतं घडलंय म्हणजे आपोआप वाचनीय आहे, आणि तुला वाटतंय घडलं नाही म्हणजे लिहिताच येणार नाही. दोघांची चूक एकच. लिहिणाऱ्याचं भांडवल मिळालेलं प्रेम नसतं, न मिळालेलंही नसतं. आपण कशाकडे किती बारकाईने बघत राहिलो, ते असतं. ह्या हिशेबाने तू बऱ्यापैकी श्रीमंत आहेस.

मला कुठून सुचलं विचारलंस. ऐकायला फारसं रोमँटिक नाहीये. मी नऊ वर्षं एका वकिलांकडे टायपिस्ट होते आणि तिथे मुख्य काम घटस्फोटाच्या अर्जांचं. दिवसाला दोन तीन. कायद्याची भाषा ठरलेली असते, अमुक कलम, तमुक तारीख, पण मधे मधे त्या माणसांची स्वतःची वाक्यं यायची आणि वकीलसाहेब ती घाईत तशीच ठेवायचे. एका बाईने लिहिलं होतं की मला उशीर झाला तर तो पूर्वी जिन्यातला दिवा चालू ठेवायचा, मग ठेवेनासा झाला. पुढे मारहाण, पैसे, सगळं होतं अर्जात, पण तिने सुरुवात दिव्यापासून केली होती. मला तेव्हा टाइप करता करता थांबायला झालं. कारण जर दिवा बंद होणं हा शेवट असेल, तर पहिल्यांदा तो दिवा चालू ठेवला गेला ती सुरुवात असणार ना? मी तो अर्ज पूर्ण केला, आणि घरी येऊन वापरलेल्या कागदांच्या मागच्या बाजूला पहिल्यांदा काहीतरी लिहिलं, एक माणूस दिवा चालू ठेवतो आणि का ठेवला हे त्यालाच कळत नाही, एवढंच. वाईट लिहिलं होतं. पण प्रेम कसं मोडतं ते टाइप करता करता ते कसं जुळतं ह्याचं शिक्षण मला झालं होतं, आणि फी उलट मलाच मिळत होती.

म्हणून ते "आतून येतं" प्रकरण. येतं गं, नाही असं नाही, पण इतकं क्षुल्लक रूप घेऊन येतं की आपण त्याला प्रेरणा म्हणत नाही. डायना गॅबल्डन ही विद्यापीठात संशोधन करणारी बाई, घरात लहान मुलं, तिने १९८८ मध्ये ठरवलं की कादंबरी कशी लिहितात ते शिकायला एक सरावाची कादंबरी लिहू, कोणाला दाखवायची नाही. काळ आणि जागा कुठली घ्यावी? तर टीव्हीवर एका जुन्या मालिकेत तिला किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा घागरा, घातलेला एक तरुण दिसला, आणि ठरलं, अठराव्या शतकातलं स्कॉटलंड. तोवर ती स्कॉटलंडला गेलेलीही नव्हती. ती सरावाची कादंबरी १९९१ मध्ये छापून आली आणि पुढचे भाग अजून चालू आहेत. नोरा रॉबर्ट्स ह्या प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईचं तर आणखी साधं. १९७९च्या फेब्रुवारीत हिमवादळ, घरात दोन लहान मुलं, बाहेर पडणं अशक्य, डोकं ठिकाणावर राहावं म्हणून तिने वही काढली. लगेच नकारच आले, पहिलं पुस्तक १९८१ मध्ये आलं, आणि त्यानंतर दोनशेच्या वर कादंबऱ्या. ह्यात मला वादळापेक्षा ती वही महत्त्वाची वाटते. वादळ काय सगळ्यांच्याच दाराशी होतं.

तेव्हा वाट बघणं बंद कर. वाट बघण्याचं काम तू लिफ्टपाशी करतेसच, तेवढं पुरे.

आता ते विसावं पान. तू म्हणतेस माझा दम संपतो. मी तुझी सुरुवात वाचली, दम संपलेला नाही, गोष्ट संपलीय! बघ ना, पान तीनवर धक्का, पान आठवर ओळख, पान पंधरावर तो तिला आवडलाय आणि ती त्याला आवडलीय आणि दोघंही समजूतदार, सुस्वभावी, मोकळे. मग पुढे काय लिहिणार तू? लग्नाची खरेदी? माझं पहिलं हस्तलिखित परत आलं तेव्हा संपादक बाईंनी वर पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिला होता: पान चाळिसाला दोघांचं एकमत झालंय, मग उरलेली दोनशे पानं ही माणसं काय करतायत? मी आठवडाभर रडले आणि मग कळलं की ह्याहून चांगला धडा मला कोणी दिलेला नाही.

प्रेमकथेला अडसर लागतो. बाहेरचा अडसर सगळ्यांना सुचतो, घरच्यांचा विरोध, दुसरं शहर, दुसरी बाई, गैरसमज. गैरसमज तर इतका सोपा पडतो की मी नवीन लिहिणाऱ्यांना सांगते, जो पेच पाच मिनिटं नीट बोलल्यावर सुटतो त्यावर कादंबरी उभी करू नका, वाचणारी चिडते. खरा अडसर आतला. तिने स्वतःबद्दल काहीतरी खोटं मानून ठेवलेलं असतं, आणि ते खोटं तिला आजवर सांभाळत आलेलं असतं, आणि नेमका हाच माणूस असा भेटतो की ज्याच्याजवळ जायचं तर ते खोटं सोडावं लागेल. तिची ओढ आणि तिची भीती एकाच दारातून आत येतात. हे जमलं की दोनशे पानं कमी पडतात.

उदाहरण देऊ? एक बाई आहे, तिने मानून घेतलंय की माझ्या बाबतीत काही घडत नाही. ह्या समजुतीत ती सुरक्षित आहे, कारण काही घडत नसेल तर काही गमावताही येत नाही. आणि एक माणूस रोज तिच्यासाठी दार धरून ठेवतो. ती ते "घडणं" म्हणून मोजतच नाही. कंसात टाकते.

लागलं असेल तर माफ कर, पण तूच विचारलंस.

विसाव्या पानाचं आणखी एक कारण मला दिसतं, चुकत असेन तर सोडून दे. साधारण तिथेच नायिकेला पहिल्यांदा काहीतरी खरं बोलावं लागतं. तोवर प्रसंग, वर्णन, कपडे, हवामान चालतं. आणि खरं बोलायची वेळ आली की तू वही मिटतेस आणि नवी सुरू करतेस. अकरा वेळा. अकरा सुरुवाती करणाऱ्या माणसाला चिकाटी नाही असं कोण म्हणेल, पण ती चिकाटी पळण्यात खर्च होतेय. पुढच्या वेळी वही मिटावीशी वाटली की तिथेच त्या बाईला एक वाक्य बोलू दे जे तू स्वतः कधीच मोठ्याने बोलणार नाहीस. पुढे काय होतं ते मला कळव.

नोकरी सोडायची का? नको. ह्यावर मी फार घोळ घालणार नाही. पूर्णवेळ लिहिण्याने वेळ मिळतो खरा, पण पैशाची काळजीही पूर्णवेळ होते, आणि काळजीत असलेलं डोकं प्रेमाचं लिहीत नाही, बिलांचं लिहितं. शिवाय तुझी अडचण वेळेची नाहीच, अकरा सुरुवातींना वेळ मिळालाच ना. गणित बघ, तू तर हिशेबातली आहेस. मिल्स अँड बूनसारख्या प्रेमकथा छापणाऱ्या प्रकाशकांच्या छोट्या कादंबऱ्या साधारण ५० हजार शब्दांच्या असतात. दिवसाला ५०० शब्द म्हणजे हाताने लिहिलेली दोन अडीच पानं, आठवड्यातून पाच दिवस. वीस आठवड्यांत ५० हजार. पाच महिने. धर एक महिना आजारपण, पाहुणे, आळस. तरी सहा महिने, सहा वर्षं नाही. कच्चा खर्डा होईल, भयाण असेल, असू दे. सहा महिने मागे वळून दुरुस्त करायचं नाही, एवढा एकच नियम पाळ. ज्यांना ५०० जमत नाहीत त्यांनी २०० लिहा, दहा बारा महिने लागतील, काय बिघडलं. आणि वेळ ठरवताना उगाच पहाटे पाच वगैरे ठरवू नका बाबांनो, जो माणूस आयुष्यात सातच्या आत उठला नाही तो कादंबरीसाठीही उठत नाही. मी दुपारच्या सुट्टीत लिहायचे, मशीनवर अर्ज चढवलेला असायचा आणि खाली वही.

कोर्स करू का असंही तू एका ओळीत विचारलंयस. कर हवा तर, पण पहिला खर्डा हातात आल्यावर. आत्ता केलास तर बारावी सुरुवात होईल. त्यापेक्षा तुझ्या सगळ्यात आवडत्या प्रेमकथा तीन घे, ज्या तू पुन्हा पुन्हा वाचल्यायत, आणि पेन घेऊन बस. पहिली भेट कितव्या पानावर, पहिल्यांदा स्पर्श कधी, दोघांना आपलं मन कळतं कधी आणि ते कबूल करतात कधी (ह्या दोन जागांमधलं अंतर मोजच, सगळी गंमत तिथे असते), सगळं संपलं असं वाटतं ते पान कोणतं, आणि कोण आधी झुकतं. चौकट आखून लिहून काढ, तुला चौकटी आवडत असतील. वाचक म्हणून पंचवीस वर्षं तू जे अंगावर घेतलंयस ते कागदावर दिसायला लागेल, आणि माझ्या मते अर्धा कोर्स तिथेच झाला.

आता हसण्याचं. काही गंभीर लिहावं का म्हणजे लोक हसणार नाहीत. लोक त्यालाही हसतात, फक्त वेगळ्या कारणाने. अगं, प्रेमकथेची टिंगल ही फार जुनी सवय आहे, आणि मला त्याचं एक कारण दिसतं ते असं की ह्या पुस्तकांत बायकांना काय हवंय हे विषयाच्या मध्यभागी असतं आणि शेवटी ते त्यांना मिळतं. खुनाच्या गोष्टीत शेवटी खुनी सापडणार हे सगळ्यांना माहीत असतं, त्याला कोणी ठोकळेबाज म्हणत नाही, उलट बुद्धीचा खेळ म्हणतात. आणि प्रेमकथेत शेवट गोड होणार म्हटलं की नाकं मुरडतात. अमेरिकेत १९८० मध्ये रोमान्स लिहिणाऱ्यांची एक संघटना सुरू झाली, त्यांनी ह्या प्रकाराची व्याख्या दोनच अटींत केली: गोष्टीच्या मध्यभागी प्रेम हवं, आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशेचा हवा. बाकी तुम्ही काय वाटेल ते करा, युद्ध आणा, भूत आणा, साठीतली माणसं आणा. शेवट माहीत असताना वाचणाऱ्याला तीनशे पानं धरून ठेवायचं, हे सोपं वाटतं का कोणाला? करून बघा म्हणावं.

तेव्हा गंभीर लिहायची आतून हौस असेल तर जरूर लिही, पण लाजेपोटी लिहू नकोस. लाजेपोटी लिहिलेली गंभीर कादंबरी मी वाचलीय, एक नाही अनेक, आणि त्यात प्रत्येक पानावर एक प्रेमकथा बाहेर यायला धडपडत असते बिचारी.

हसण्याची भीती अगदीच जात नसेल तर टोपणनाव घे, त्यात कमीपणा काही नाही. ऑस्टिनचं पहिलं पुस्तक १८११ मध्ये आलं तेव्हा लेखकाच्या जागी फक्त "एक स्त्री" असं छापलं होतं. ब्राँटी बहिणींनी तर पुरुषी वाटतील अशी नावं घेतली. आणि माझी सगळ्यात लाडकी गंमत म्हणजे अगाथा ख्रिस्ती, खुनांची राणी, तिने मेरी वेस्टमॅकॉट ह्या नावाने नात्यांच्या आणि मनाच्या सहा कादंबऱ्या लिहिल्या, पहिली १९३० मध्ये, आणि जवळजवळ वीस वर्षं कोणाला पत्ता लागू दिला नाही. खून स्वतःच्या नावावर आणि भावना दुसऱ्याच्या! फक्त टोपणनाव घेताना स्वतःला विचार, हे मोकळं लिहिता यावं म्हणून घेतेय की लपायला. मोकळं करत असेल तर आजच घे. आणि प्रकाशकाशी करार करायची वेळ येईल तेव्हा करार मात्र खऱ्या नावाने होतो, हेही माहीत असू दे.

प्रकाशकाचं निघालंच आहे तर सगळ्यांसाठीच सांगते. पूर्ण झाल्याशिवाय पाठवू नका. ज्याच्याकडे पाठवताय तो प्रेमकथा छापतो का ते आधी बघा, कवितांच्या प्रकाशकाकडे पाठवून नकार आला म्हणून खचू नका. छापण्यासाठी तुमच्याकडेच पैसे मागणारा हा प्रकाशक नसून छपाईवाला आहे, त्यात वाईट नाही पण तसं समजून उमजून जा. आणि कराराच्या कागदात हक्क किती वर्षांसाठी देताय, ऑडिओ, भाषांतर, सिनेमा-मालिका हे सगळं त्यात गुंडाळलंय का, हे वाचा. मी नऊ वर्षं कायद्याचे कागद टाइप केले आणि तरी माझ्या पहिल्या करारावर न वाचता सही केली, आनंदात होते ना. ते हक्क परत मिळवायला मला पुढे अकरा वर्षं लागली. नकार येतील. १७९७ मध्ये ऑस्टिनच्या वडिलांनी तिची कादंबरी एका प्रकाशकाला विचारली, त्याने न वाचताच उलट टपाली नको म्हणून कळवलं. तीच गोष्ट तिने पुढे पुन्हा हात फिरवून १८१३ मध्ये आणली. सोळा वर्षं. आता तू म्हणशील मी ऑस्टिन थोडीच आहे, तर तेव्हा तीही ऑस्टिन नव्हती.

राहिली बहीण. ती हसली ते मला आवडलं नाही हे मी आधीच सांगितलंय. पण एक शंका येते. तिने दोन पानं वाचली म्हणतेस, आणि मोठ्याने. नावडलेलं माणूस पहिल्या परिच्छेदाला ठेवून देतो. दुसरं पान का उलटलं तिने? आपली शांत, हिशेब करणारी मोठी बहीण आत असं काही बाळगून आहे हे अचानक समोर आल्यावर माणूस गोंधळतो, आणि गोंधळला की हसतो. मी तिची वकिली करत नाहीये. पूर्ण होईपर्यंत तिला काही दाखवू नकोस, अजिबात नको, आणि वही कुलपात ठेव. पूर्ण झाल्यावर पहिली प्रत कोणाला द्यायची ते तेव्हा बघू. तोवर एखादी वाचणारी मैत्रीण शोध जी स्वतः प्रेमकथा वाचते. जी वाचत नाही तिचं मत ह्या बाबतीत घेऊ नये, पोहता न येणाऱ्याला पाणी किती खोल आहे विचारल्यासारखं होतं.

आता तुझं काम. विमानतळ बंद. कागदपत्रं सांडणं बंद. ह्या आठवड्यात फक्त ५०० शब्द लिही, आणि ते तुझ्या बाजूने नको, त्याच्या बाजूने. रोज नऊ चाळीसला एक माणूस दाराच्या फटीत हात घालून उभा आहे, मागचे लोक वैतागलेत, एक जण घड्याळ बघतोय, कॉरिडॉर रिकामा आहे आणि त्याला माहीत आहे की ती येणार. कसं माहीत आहे? पावलांच्या आवाजावरून? मागच्या लोकांना तो काय कारण सांगतो? आणि ज्या दिवशी ती रजेवर असते त्या दिवशी तो किती वेळ हात ठेवतो? खरा माणूस काय विचार करायचा ते तुला माहीत नाही, बरंच आहे, कारण माहीत असतं तर तुला लिहायला काही उरलं नसतं. त्यानंतरच्या आठवड्यात तिची बाजू. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस लिफ्ट बिघडू दे आणि दोघांना जिन्याने चालायला लाव, त्या जिन्यावर कोणीतरी एक खरं वाक्य बोलेल. ते कोण बोलतं ते आधी ठरवू नकोस.

आणि हो, त्याचं नाव बदल, मजला बदल, ऑफिस बदल. जमलं तर लिफ्टच्या जागी दुसरं एखादं दार घे. बदली झालेली माणसंसुद्धा पुस्तकं वाचतात.